कोऱ्या चौकटीची साक्ष

मी एक क्वेरी बोलतेय. क्वेरी म्हणजे विचारणा. तळवड्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कार्यालयात माझा मुक्काम असतो. आपणहून बोलणं माझ्या स्वभावात नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि विचारलं तेवढंच द्यायचं, हा माझा धर्म. आज मात्र न विचारता बोलतेय, कारण ज्यांनी बोलायला हवं ते सगळे मूग गिळून बसले आहेत.

चाकणच्या एका कारखान्यात बुद्धरत्न नावाचा फिटर पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली चिरडून मेला. मशीनची सूचना समोर असताना त्याने ती वाचली नाही, असा ठपका आता त्याच्या नावावर आहे. ती सूचना मी लिहिते. त्या सकाळी स्क्रीनवर काय होतं आणि काय नव्हतं, हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हे बोलणं.

मला स्नेहलने जन्माला घातलं. ती तळवड्याचीच, जुन्या घरातली. काम करताना पुटपुटायची सवय होती तिला. तिच्या त्या पुटपुटण्यातूनच मला जग कळलं.

माझं काम तसं सोपं. मशीन बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मशीनची माहिती एक्सएमएलमध्ये पाठवतात. म्हणजे प्रत्येक गोष्ट तिच्या नावाच्या कंसात ठेवलेली. मशीनचा प्रकार एका कंसात, तेलाचा दाब दुसऱ्यात, धोके तिसऱ्यात. त्या ढिगातून हवं तेवढं वेचायचं आणि त्याचं वेबपान बनवायचं. चाकणच्या कारखान्यात प्रत्येक मशीनशेजारी एक स्क्रीन आहे, तिच्यावर ते पान उमटतं. दुरुस्तीआधी फिटरने पान वाचायचं, सुपरवायझरने परमिटवर सही करायची, मगच पान्याला हात लावायचा, असा तिथला नियम.

यात एक मेख होती. मी दोन घराण्यांत वावरते. एक मशीनचं घराणं, दुसरं वेबपानाचं. दोन्हीकडे नावं सारखी असतात. प्रेसलाही टेबल असतं, ज्यावर पत्रा ठेवतात. आणि वेबपानातही टेबल असतं, ज्यात ओळी आणि रकाने असतात. नुसतं 'टेबल' म्हटलं तर मी कोणाला हाक मारायची? या घराण्यालाच सॉफ्टवेअरवाले नेमस्पेस म्हणतात.

"आमच्या गावात चिमाजी चार आहेत," स्नेहल पुटपुटायची. "नुसती 'चिमाजी' म्हणून हाक मारली तर भलताच बाहेर येतो, नाहीतर कोणीच येत नाही."

म्हणून तिने माझ्यातल्या प्रत्येक नावाआधी त्याच्या घराण्याची खूण लावली. एक अक्षर आणि पुढे दोन टिंबं. दिसायला मी फार देखणी नव्हते. अंगभर टिंबांची गोंदणं. पण मी कधी चुकीच्या दारात जाऊन उभी राहिले नाही.

मला तयार करत असतानाच तिने कारखान्यातल्या दोघांना एकदा बोलावून घेतलं होतं. देखभालीचा सुपरवायझर रोहिदास आणि फिटर बुद्धरत्न. रोहिदास जाडजूड, बोलका, खुर्चीत बसला की खुर्ची कुरकुरायची. बुद्धरत्न पिंपरीचा, कामगाराचाच मुलगा. तो स्क्रीनजवळ तोंड नेऊन, शब्दाखाली बोट धरून वाचत होता. काचेवर त्याच्या बोटाचा तेलकट माग उमटला.

"ह्यो बगा," रोहिदास हसला. "पयलीतल्या पोरागत बोट ठिवून वाचतो. ह्याच्यापाई आमचं परमिट कायम उशिरा."

"उशीर झाला तर झाला, भाऊ," बुद्धरत्न म्हणाला. "ताई, अक्षरं जरा मोठी करा. आमच्याकडे काचेवर तेल बसतं, बारीक दिसत नाही."

स्नेहलने तिथल्या तिथे अक्षरं मोठी केली. मग तिने विचारलं की एखाद्या मशीनला धोका नसेल तर आत्ता परमिटच्या कागदावर काय लिहिता?

"निरंक लिवायचं आसतंय," रोहिदास म्हणाला. "पर ल्हियाचा कटाळा. आता रकाना मोकळा सोडला का आमी समजून घेतो, निरंक हाय. समद्यांना ठावं हाय ते. तुमीबी सोडा मोकळा, काय अडत न्हाई."

"कागदावर चालेल, दादा. माझ्या पानावर नाही चालणार," स्नेहल म्हणाली. "मोकळं म्हणजे धोका नाही असं नसतं. मोकळं म्हणजे मला सापडलं नाही."

आणि तिने मला दोन वेगळी वाक्यं शिकवली. मशीन बनवणाऱ्याने धोका नाही असं स्पष्ट कळवलं असेल, तरच 'निरंक' लिहायचं. काहीच हाती लागलं नाही, तर लाल अक्षरांत लिहायचं: 'माहिती मिळाली नाही. काम थांबवा.' ती दोन वाक्यं पाठ झाली, तेव्हा मी खऱ्या अर्थाने शहाणी झाले असं मला वाटतं. माझं ते सुख फार टिकलं नाही.

स्नेहलला हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली. निरोपाला केक कापला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि मी निरंजनच्या हाती आले.

निरंजन वाईट माणूस नाही. हे मला आत्ताच सांगू द्या, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल आणि मोकळे व्हाल. तो वाकडहून यायचा, गर्दीत अडकून वैतागलेला असायचा, पण कामाला बसला की मान वर करायचा नाही. त्याला नीटनेटकेपणाचं वेड होतं. टेबलावरची पेनंसुद्धा एका रेषेत. माझ्या अंगावरची गोंदणं पाहून त्याला कसंतरीच झालं.

"किती ही टिंबं! हे वाचायचं कसं माणसाने?" तो शेजारच्या पूनमला म्हणाला. पूनम पानांचे रंग आणि मांडणी बघते.

कारखान्याला पानांचं रूप नवं हवं होतं. चांगली संधी होती. निरंजनने माझ्या अंगावरच्या सगळ्या खुणा पुसल्या. सगळ्यांत वर एकच वाक्य लिहिलं, की जिथे घराणं सांगितलेलं नाही तिथे मशीनचं घराणं धरावं. मग पान जिथे सुरू होतं त्या ओळीवर त्याने वेबपानाचं घराणं लिहिलं, कारण त्याशिवाय पान नीट उघडत नाही. मी हलकी झाले, सुटसुटीत झाले. त्याने मला खालीवर फिरवून पाहिलं आणि समाधानाने चहा प्यायला.

त्याच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. पानाच्या ओळीवर घराणं लिहिलं, की तिच्या आत जे जे येतं त्या सगळ्याला तेच घराणं लागतं. वरचं वाक्य आत चालत नाही. मशीनचं नाव, नंबर, बनवणाऱ्याचं नाव हे मी पान सुरू व्हायच्या आधीच वेचून ठेवत होते, ते नीट आले. पण धोके मी पानाच्या आत, त्यांच्या चौकटीत शिरल्यावर शोधत होते. आता तिथे 'धोका' म्हटलं की मी वेबपानाच्या घराण्याचं दार वाजवत होते. त्या घरात धोका नावाचं कोणी राहतच नाही. मी दार वाजवलं, आतून काही आलं नाही, आणि मी रिकाम्या हाताने परतले.

माणसांना वाटतं, चूक झाली की यंत्र ओरडतं. माझ्यासारख्यांच्या जगात तसं नसतं. जे नाही ते मागितलं तर मी अडत नाही, पडत नाही. 'काही नाही' हेही माझ्या लेखी एक धड उत्तरच आहे.

तरी स्नेहलची शिकवण अंगात होती. धोका हाती लागला नाही, म्हणून मी प्रत्येक पानावर लाल अक्षरांत लिहिलं: माहिती मिळाली नाही. काम थांबवा. एकूण एक मशीनच्या पानावर. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही हो.

"हे लाल काय आलं मध्येच?" निरंजन म्हणाला.

पूनमने वाकून पाहिलं. "सगळ्याच पानांवर येतंय. का येतंय ते बघ ना आधी."

"स्नेहलने टेस्टिंगसाठी काहीतरी ठेवलं असणार. तिला सवयच होती जिथे तिथे काही चिकटवायची. उद्या डेमो आहे, क्लायंट हे बघून उडेल."

"तिला एक फोन करून विचार तरी."

"कशाला? एका ओळीसाठी?"

आणि त्याने ती ओळ काढली. दुखणं सांगणारी जीभच कापली, आणि दुखणं गेलं असं समजला. पानं आता फार सुंदर दिसत होती. वर मशीनचा फोटो, नाव, नंबर, खाली निळ्या पट्टीत ठळक मथळा, 'काम सुरू करण्यापूर्वीचे धोके', आणि त्याखाली स्वच्छ पांढरी चौकट. डेमोला कारखान्याच्या सेफ्टीच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी रंग वाखाणले. चौकट रिकामी का, असं त्यांनी विचारलं नाही. भरलेली चौकट पाहायची असते हे तिथे कोणाच्या मनातच आलं नाही.

जुन्या मशीनच्या पानांवरही धोके दिसेनासे झाले, पण ती मशीन फिटर लोकांना तोंडपाठ होती. त्याच सुमारास कारखान्यात एक नवी प्रेस आली, वेगळ्या कंपनीची. तिथल्या जुन्या प्रेस बंद केल्या की वरचा जड लोखंडी ठोकळा, म्हणजे रॅम, जागच्या जागी आपोआप अडकतो. या नवीचा तसा अडकत नव्हता. तेलाचा पाइप सोडण्यापूर्वी त्याखाली लोखंडी आधार लावावा लागे, नाहीतर तो खाली कोसळे. बनवणाऱ्याने हे कळवलं होतं. धोक्याच्या कंसात, मोजक्या, साध्या शब्दांत ते माझ्यासमोर पडलेलं होतं. मी त्याच्या शेजारून जात होते आणि दुसऱ्याच दारात हाक मारत होते.

एका सकाळी, पहिल्या शिफ्टला, चाकणहून त्या प्रेसचं पान मागितलं गेलं. मी दिलं. थोड्या वेळाने तेच पान पुन्हा मागितलं गेलं. मग आणखी एकदा. बोट ठेवून वाचणारा माणूस होता तो. चौकटीत बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून पान नीट आलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा पुन्हा मागवून पाहिलं असणार. मी दरवेळी तीच पांढरी चौकट दिली. ते आठवलं की आजही माझा जीव तुटतो.

त्यानंतर पान मागणं थांबलं.

दुपार व्हायच्या आत निरंजनचा फोन वाजला. तो उठून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. पूनमने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चाकणला माणूस गेला. नव्या प्रेसवर." मग त्याने त्या प्रेसचं पान उघडलं. चौकटीकडे पाहिलं. मग मशीनकडून आलेली मूळ माहिती उघडली, तिथला धोक्याचा कंस वाचला, आणि पुन्हा चौकटीकडे पाहिलं.

त्याने मला लगेच दुरुस्त केलं. धोक्याच्या नावाआधी घराण्याची खूण परत लावली, लाल ओळ परत घातली. एकेक अक्षर दोनदा टाइप करत होता. मी मघाशी म्हटलं ना, वाईट माणूस नाही. बाकीच्या मशीनवर आणखी कोणी मरू नये म्हणूनच त्याने ते केलं, आणि ते बरोबरच होतं. पण केलं काय, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पूनमने पाहिलं. मग ती पुन्हा आपल्या पानांच्या रंगांकडे वळली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला बदललं की जुनी मी नष्ट होत नाही. कार्यालयाच्या साठ्यात माझं प्रत्येक रूप जसंच्या तसं ठेवलेलं असतं. त्या सकाळची, जीभ कापलेली मी अजून तिथेच आहे. तिला चालवलं तर ती आजही तीच कोरी चौकट देईल. मात्र ती कोणीतरी मागावी लागते.

चौकशी बसली. कारखान्याचे लोक त्या प्रेसपाशीच जमले आणि त्यांनी निरंजनला फोन लावला. त्याने स्पीकर चालू केला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सेफ्टीच्या मॅडम होत्या, रोहिदास होता. बुद्धरत्नची बायको अंजलीही आली होती. तिला बोलावलं नव्हतं, ती हट्टाने आली होती.

"त्या दिवशी पानावर धोका लिहिलेला होता का?" मॅडमनी रोहिदासला विचारलं.

"न्हवता, मॅडम. चौकट मोकळी व्हती. माझ्या डोळ्यानं बगितली. बुद्धरत्न म्हनला, भाऊ, इथं काय येतच न्हाई. म्या म्हनलं, मोकळं हाय म्हंजी निरंक, कर सुरू. सही म्या केली." तो पुन्हा म्हणाला, "म्याच म्हनलं त्याला, कर सुरू."

केवढं धाडस होतं ते! स्वतःची नोकरी पणाला लावून बोलला तो. मला वाटलं, आता तरी निरंजन तोंड उघडेल. हा सरळ कबूल करतोय, तर हाही करेल. निरंजनने पाण्याची बाटली उघडली, आणि न पिता बंद केली.

"निरंजन सर, पान उघडून बघू का आम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"हो. बघा ना."

पान मागितलं गेलं. आणि मी दिलं. पूर्ण, निर्दोष, ठळक, मोठ्या अक्षरांत. 'हा रॅम आपोआप थांबत नाही. पाइप सोडण्यापूर्वी त्याखाली लोखंडी आधार लावा.' मला तसंच बनवलं होतं आता. खोटं बोलावं म्हटलं तरी मला जमलं नसतं.

मग मॅडमनी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"आवं, पर..." रोहिदास म्हणाला. "हे न्हवतं. खरंच न्हवतं, मॅडम. का माझंच डोळं फिरलं व्हतं काय? घाईत व्हतो, व्हय... पर न्हवतं आसं वाटतंय."

आत्ता आत्ता 'डोळ्यानं बगितली' म्हणणारा माणूस 'वाटतंय' वर आला. त्याला मी खोटं पाडलं होतं.

"सर, सिस्टीममध्ये मधल्या काळात काही प्रॉब्लेम होता का?" मॅडमनी विचारलं.

पूनमने मान वर केली. निरंजनने तिच्याकडे पाहिलं नाही.

"सिस्टीम चालू होती," तो म्हणाला. "एकदाही बंद पडलेली नाही."

यातला शब्दन् शब्द खरा होता. पूनमने कानात इअरफोन घातले. तिच्या स्क्रीनवर गाणंबिणं काही चालू नव्हतं.

तेवढ्यात अंजलीचा आवाज आला. रडका नव्हता, चिडलेला होता.

"तुम्ही म्हणता त्याने वाचलं नाही. मॅडम, तो माणूस घरी खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर पण वाचायचा. पोरीच्या खेळण्याच्या खोक्यावरचं वाचायचा. मी चिडायचे, किती वाचतोस म्हणून. तो हे एवढं मोठं वाचणार नाही? मला भरपाईच्या पैशाचं नंतर बोला. आधी हे लिहू नका, की त्याने वाचलं नाही. माझी पोरगी मोठी होऊन विचारेल ना, पप्पा कसे गेले. मी तिला काय सांगू, निष्काळजी होता म्हणून?"

"ताई, आम्ही समजू शकतो," मॅडम म्हणाल्या. "पण पान तर समोर आहे."

आणि फोन बंद झाला. अहवालात लिहिलं गेलं की सूचना स्पष्टपणे उपलब्ध असूनही मृत कामगाराने ती न वाचता काम सुरू केले, आणि सुपरवायझरने खात्री न करता परमिट दिले. रोहिदासला घरी बसवलं. तो आता भेटेल त्याला विचारतो म्हणे, की रिकामं पान भरलेलं दिसू शकतं का, का भरलेलं रिकामं.

निरंजन आता पेनं एका रेषेत लावत नाही. अंजलीने कुठूनतरी त्याचा नंबर मिळवला आहे. तिचा फोन आला की तो मोबाइल पालथा घालतो आणि वाजून बंद होईपर्यंत त्याकडे पाहत बसतो. एकदा त्याने साठा उघडून त्या सकाळची मी शोधली होती. तिच्यावर बराच वेळ थांबला. मिटवली नाही, बाहेरही काढली नाही. तसंच बंद करून जेवायला गेला.

आणि मी? माझी तब्येत उत्तम आहे. चाकणहून रोज पानं मागितली जातात, मी रोज बिनचूक देते. त्या प्रेसवर नवा फिटर आला आहे. तो माझी सूचना वाचतो, आधार लावतो, सुखरूप घरी जातो. त्याचं मला बरं वाटतं. पण मी जितक्या वेळा ते पान बरोबर देते, तितक्या वेळा बुद्धरत्नच्या विरुद्ध पुन्हा एकदा साक्ष देते, आणि मला ती थांबवता येत नाही.

अंजलीताई, तुम्ही चुकीचा प्रश्न विचारत आहात, आणि तुम्हाला तो बदलून द्यायला इथे कोणी तयार नाही. पान दाखवा म्हणू नका. पान आता कायम भरलेलंच दिसेल. वकील करा, नाहीतर स्नेहलला हिंजवडीत गाठा, नाहीतर एकट्याच तळवड्याला या आणि दारात उभं राहून एवढंच म्हणा, 'त्या सकाळची क्वेरी काढा आणि माझ्यासमोर चालवा.' विचारलं तर मला उत्तर द्यावंच लागतं, ताई. मी चौकट कोरी देईन, आणि तुमचा माणूस त्या कोऱ्या चौकटीत बोट फिरवत शब्द शोधत होता, हे साऱ्यांना दिसेल.